शनवार, रविवार आणि पोह्यांची बशी

रविवारी सकाळी पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी आम्हा चार-पाच मित्रांची बैठक जमते. बोलण्याचे विषय ठरलेले नसतात, परंतु फिरून फिरून ते दोनच ठिकाणी येतात: कोणाच्या मांजरीने काय सांडले आणि कोणाच्या घरी न्याहारीला काय होते. मध्यंतरी आमच्यातल्या एका मराठीच्या प्राध्यापकाने हसत हसत विचारले, "या गप्पांना काही इतिहास असेल का रे?" प्रश्न थट्टेचा होता. मी मात्र तो घरी घेऊन आलो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे एक उत्तर पाठ असते. १९२६-२७च्या सुमारास ना. सी. फडके 'रत्नाकर' मासिकातून गुजगोष्टी लिहू लागले. १९३३ साली 'गुजगोष्टी' हा संग्रह आला. पाठोपाठ अनंत काणेकरांची 'पिकली पाने' आणि वि. स. खांडेकरांच्या 'वायुलहरी' आल्या, आणि क्षुल्लक विषयावर मित्राशी बोलल्यासारखे लिहिण्याला मराठीत प्रतिष्ठा मिळाली. इंग्रजी निबंधकारांचे ऋणही आपण नेमाने सांगतो. हे सारे खरेच आहे. पण या निबंधांतला 'मी' बहुधा निवांत असतो. त्याच्यापाशी मोकळी सकाळ असते. ती त्याला कोणी दिली, हे मात्र प्रश्नपत्रिकेत येत नाही.

आमच्या गावात या प्रश्नाचे फार जुने उत्तर आहे. पनवेलात एक इस्रायल तलाव आहे आणि १८४९ साली स्थापन झालेले बेथ एल हे सिनेगॉग आहे. कोकणपट्टीतले बेने इस्रायल गावोगाव तेलाचे घाणे चालवीत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचे घाणे थांबत, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत. शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. एका समाजाची ओळख त्याच्या कामावरून नव्हे, तर तो काम कधी करत नाही यावरून ठरावी, हे मला फार विलक्षण वाटते. नगरपालिका पनवेलात १८५२ साली आली, आणि कारखान्याचे भोंगे तर कितीतरी नंतर. आठवड्याची सुट्टी त्यांच्या आधीच येथे नांदत होती.

या शनवारात जनावरालाही वाटा होता. बायबलातील 'अनुवाद' या ग्रंथात विसाव्याची आज्ञा सांगताना बैल आणि गाढव यांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे घाण्याभोवती आठवडाभर फिरणाऱ्या बैलालाही तो दिवस मोकळा असणे हे धर्माचेच कलम होते. मराठीत 'पाळणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. आपण दिवस पाळतो, शब्द पाळतो, कुत्राही पाळतो. शनवार पाळणारा तेली त्या दिवशी आपल्या बैलालाही दोन्ही अर्थांनी पाळत होता. अर्थात रविवारी जू पुन्हा मानेवर येई, हे विसरून भाबडे होण्यात अर्थ नाही.

मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला एवढेही नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली तेव्हा साप्ताहिक सुट्टी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी बोलावलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि दोन स्त्रियांनी तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही लोखंड्यांच्या मागणीतला एक आधार सांगितला जातो. साहेबाच्या चर्चचा दिवस तोच होता, ही गोष्ट आपल्याला चटकन आठवते. कामगाराने त्यात आपला देव पाहिला, हे आठवत नाही. लोखंडे हे 'दीनबंधू'चे संपादक होते, म्हणजे मराठी गद्याचेच कारागीर. तरीही लघुनिबंधाच्या प्रकरणात त्यांचे नाव घेतलेले मी वाचलेले नाही. ते यावे, असे माझे मत आहे.

खंडोबा आला की कुत्रा आलाच. त्याच्या मूर्तीपाशी कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे भुंकत खातात. देवाच्या दारी कुत्रे होण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचे नावही खंड्या. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात, आणि त्याने वाघापासून धन्याला वाचवल्याची कथा सांगतात. आमच्याच जिल्ह्यात रायगडावरच्या वाघ्याचे स्मारक आहे. त्यावर २०११ साली आणि पुन्हा २०२५ साली जो वाद पेटला, तो त्या कुत्र्याला कळला असता तर तो शेपूट घालून गड उतरला असता.

न्याहारीचे काय? 'नाश्ता' आणि 'न्याहारी' या दोन्ही शब्दांची मुळे फारसीत दाखवतात, आणि तेथे त्यांचा अर्थ खाणे असा नसून उपाशी असणे असा आहे. पदार्थाचे नाव मागाहून, भुकेचे आधी. रविवार ज्या वर्षी मिळाला त्याच वर्षी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनात गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हाती धरला. नावे 'पुणे वैभवा'त छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारक हळहळले. एका कपासाठी एवढे! आज आम्ही टपरीवर कोणाच्या हातचा चहा पितो हे विचारत नाही. सगळीकडे असेच आहे, असे मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही.

पोह्यांना असे प्रायश्चित्त कधी पडल्याचे ऐकिवात नाही. कोकण हा भाताचा मुलूख. भिजवलेले, कांडलेले भात सुदाम्याच्या पुरचुंडीपासून कांदेपोह्यांच्या बशीपर्यंत सर्वत्र पोचले. बेने इस्रायलांचा 'मलिदा' हाही पोह्यांचाच. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, गोडवा, वेलची, सोबत फळे, आणि वर हिब्रू प्रार्थना. तो एलियाहू हन्नाबीच्या नावाने केला जातो. हा प्रेषित अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला, अशी श्रद्धा आहे. खडकावरची खूण दाखवतात. १९४८ नंतर यातील बरीच घरे इस्रायलला गेली. जाताना त्यांनी मराठी नेली, मलिदाही नेला, आणि तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. तेथे त्यांचा शनवार सगळ्या देशाचाच होता. 'शनवार तेली' या नावाला तेथे काही अर्थच उरला नसणार.

हे सारे मी पुढच्या रविवारी मित्रांना सांगितले. प्राध्यापक महाशय लोखंड्यांपाशी थबकले आणि म्हणाले, "वर्गात सांगून पाहतो." दुसऱ्याने खोबरे घातलेल्या पोह्यांची कृती विचारली. त्याचा कुत्रा बाकाखाली बसून बशीकडे पाहत होता. त्याला शेवटचा घास द्यावा की न द्यावा, यावर पुढचा अर्धा तास गेला.