उसन्या संघाची निष्ठा

भारत फुटबॉल विश्वचषकात कधीच खेळला नाही. 1950 साली संधी होती, पण संघ ब्राझीलला गेलाच नाही. तरी विश्वचषक आला की कोलकात्याच्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. याचे श्रेय सहसा अर्जेंटिनाच्या 1986 च्या मॅराडोनाला आणि दूरदर्शनला दिले जाते. ते अर्धेच खरे. टीव्ही घरोघरी पोचण्याआधी, सप्टेंबर 1977 मध्ये, ब्राझीलचा पेले अमेरिकेच्या कॉसमॉस संघातून ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला आणि त्याला पाहायला शहर लोटले. म्हणजे ब्राझीलची भक्ती आधीचीच; दूरदर्शनने तिला अर्जेंटिनाच्या रूपात प्रतिस्पर्धी दिला, इतकेच. स्वतःचा संघ नाही म्हणून परक्याचा धरला, असे कुणी म्हणेल. पण मग इंग्लंड किंवा जर्मनीचा का नाही धरला? संघाची उणीव निवडीचे कारण सांगत नाही. कोलकात्याने देश नव्हे, खेळाडू निवडले. 2008 मध्ये मॅराडोना आला तेव्हाही शहर असेच लोटले होते.