मनोऱ्यावरची वाजंत्री

मंडळी, गडाच्या नाहीतर देवळाच्या दरवाज्यावर नगारखाना असे आणि ठरल्या वेळी तिथे चौघडा झडे, हे आपल्याला ठाऊकच आहे. अशीच चाल जर्मनीतल्या लाइपझिग शहरातही होती. तिथे नगरसभेच्या मनोऱ्यावरून शहराचे पगारी वादक सकाळी दहाच्या ठोक्याला वाद्ये वाजवीत.

योहान पेत्सेल हा त्यांपैकीच एक. या वेळेसाठी रचलेल्या ४० चिजांचे पुस्तक त्याने १६७० साली छापले. त्याचे नावच मुळी ‘दहावा तास’! ते साल आपल्याही ओळखीचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरतेहून परतताना आपल्या नाशिक जिल्ह्यात, वणी-दिंडोरीजवळ, मोगल फौजेला हरवले.

पेत्सेलच्या या चिजा पाच वादकांच्या. १६८५ च्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात तर दोन झिंक आणि तीन ट्रॉम्बोन असे स्पष्टच आहे. झिंक म्हणजे कातड्याने मढवलेले लाकडी वाद्य. त्याला सनईसारखी भोके, पण ते फुंकायचे तुतारीसारखे. त्या काळचा ट्रम्पेट आपल्या तुतारीप्रमाणे मोजकेच सूर देई. सगळी चाल वाजवायची, तर झिंकची भोके किंवा ट्रॉम्बोनची सरकती नळीच हवी. पुढे १८१८ साली प्रशियात बोटांनी दाबायच्या चाव्यांचे पेटंट निघाले आणि ट्रम्पेटही सारे सूर बोलू लागला. झिंक मात्र मागे पडले.

मग आज या चिजा बसवायच्या कशा? दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि खर्जाला ट्यूबा, असा पाच जणांचा ताफा पुरतो. पण झिंकचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा मऊ आणि ट्रम्पेटचा धारदार. तेव्हा वरच्या दोघांना आवरावे लागते, नाहीतर मधले दोघे दबून जातात. आपल्या वरातीत बँडवाले बहुधा एकच चाल मिळून वाजवतात. सनईच्या जोडीत एकजण चाल घेतो, दुसरा सूर धरतो. इथे पाचांच्या वाटा निरनिराळ्या. एक जरी दबला, तरी चीज अपुरी राहते.

हे आज साधते कशामुळे? पाचांच्याही वाटा छापून ठेवल्या होत्या म्हणून! वादक गेले, वाद्यही गेले, पण चीज उरली.

आपल्या वाजंत्र्यांची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी येते. मुलाने सनई खाली ठेवली, की चालही तिथेच थांबते. तेव्हा गुरुजी, आपल्या गावात कोणी जुने सनईवाले असतील, तर पहाटेची चाल कोणती, पालखीची कोणती, हे त्यांना विचारून घ्या. ध्वनिमुद्रण करता आले तर उत्तमच. पण वहीत सा-रे-ग-म लिहून, शेजारी वाजवणाऱ्याचे नाव आणि वाजवण्याची वेळ एवढे टिपायला तर काही खर्च नाही. कोण जाणे, पुढे एखादे पोर ती वही उघडून पुन्हा सनई हाती घेईल!