उंबराचे फूल

पंचवटीत सीतागुंफेजवळ आलेला यात्रेकरू मान वर करून पाच वड मोजतो आणि पुढे जातो. वडाला फूल येते की नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. लहानपणी आम्हालाही पडला नव्हता. उंबराविषयी मात्र वडीलधाऱ्यांचे उत्तर तयार असे: त्याचे फूल मध्यरात्री उमलते आणि भाग्यवंतालाच दिसते! क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो ते यामुळेच.

ही नुसती भाबडी समजूत नव्हे. फुलावाचून फळणाऱ्या झाडांना आपल्या प्राचीन पंडितांनी ‘वनस्पती’ असे वेगळे नाव दिले. मनुस्मृतीत आणि चरकसंहितेत हा भेद आहे. (आज तो शब्द आपण गवतालाही लावतो.) त्यांचे निरीक्षण खरे होते. चुकले एवढेच, की फूल बाहेर शोधले.

कोवळे उंबर उभे चिरून पाहा. आतल्या भिंतीला दाटीने चिकटलेले बारीक कण, तीच फुले. म्हणजे आपण फळ म्हणतो ती फुलांनी भरलेली, तोंड मिटलेली पिशवी आहे. जास्वंदीत पुंकेसर आणि कुक्षी उघड्यावर असतात. पराग कुक्षीवर पडला, की त्यातून नळी फुटून बीजांडापर्यंत जाते आणि बी धरते. येथे वाऱ्याला वाट नाही, मधमाशीला नाही. मग पराग नेतो कोण?

केंबरे! उंबर फोडून केंबरे काढणे म्हणजे झाकलेले वाईट उघड करणे, असे आपण मानतो. पण त्या बिचाऱ्यांवाचून उंबराचा वंशच चालणार नाही. मादी तोंडाच्या खवल्यांतून आत घुसते. त्या धडपडीत बहुधा तिचे पंख तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, काहींवर पराग टाकते आणि तेथेच मरते. पुढे पंखहीन नर आधी बाहेर येतात, माद्यांशी संग करतात, भिंतीला भोक पाडतात. तोवर पुंकेसर पिकलेले असतात. तो पराग घेऊन नव्या माद्या उडतात.

युरोपात १६९४ मध्ये कामेरारियसने एरंडाची नरफुले खुडून दाखविले, की परागावाचून बी धरत नाही. १७९३ मध्ये श्प्रेंगेलने कीटकांचे काम सांगितले, पण डार्विनने उचलून धरीपर्यंत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. ग्रीक शेतकरी मात्र त्यांच्या कितीतरी आधीपासून रानअंजिराची फळे बागेतल्या अंजिरावर टांगीत. थिओफ्रास्टसने ते नोंदवून ठेवले आहे. कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनी १८८० नंतर स्मर्नाची अंजिरे लावली. झाडे जोमदार, फळे गळून पडत. १८९९ मध्ये कीटक आणून वसविले, तेव्हा फळ टिकले. आपल्या पुरंदरच्या अंजिराला ही यातायात नाही. ते परागावाचूनच धरते.

वडाचे केंबरे वेगळे, उंबराचे वेगळे. एकाचे काम दुसरे करीत नाही. मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे, आणि एका झाडाची फळे बहुधा एकदमच पिकतात. तेवढ्या वेळात तिला कोवळ्या फळांचे दुसरे झाड गाठावे लागते. वाऱ्यावर ती पुष्कळ दूर जाते हे खरे. पण रस्ता रुंद करताना वडांची रांग तोडून पूजेपुरता एक वड राखला, की वटपौर्णिमेची सोय होते. त्या मादीला मात्र पुढचे झाड आणखी दूर शोधावे लागते.