मायक्रोवेव्हला घाम का फुटतो?

मागच्या जुलैत आमच्या मायक्रोवेव्हने मला चांगलंच घाबरवलं. रात्री भात गरम केला, दार उघडलं, तर आतल्या भिंतींवरून पाणी ओघळतंय आणि काचेच्या ताटाखाली छोटं तळं साचलंय. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "मॅग्नेट्रॉन गेला, नवीन घ्या." पण भात तर मस्त वाफाळत होता! मॅग्नेट्रॉन गेला असता तर तो तापला कसा? नवीन ओव्हनचे पैसे भरण्याआधी मी जरा या यंत्राच्या इतिहासात डोकावलो.

मॅग्नेट्रॉन हे रडारचं अपत्य. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. त्याच वर्षी ब्रिटनने हे गुपित अमेरिकेच्या हाती दिलं, आणि रेथिऑन कंपनीत युद्धासाठी त्याचं उत्पादन जोरात सुरू झालं. तिथला पर्सी स्पेन्सर, शाळा अर्धवट सुटलेला पण हाडाचा इंजिनिअर. त्याच्या खिशातल्या चॉकलेटची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, म्हणून ती सोडून देतो. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने अन्न शिजवण्याच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला.

१९४७ चा 'रडारेंज' हा ओव्हन जवळजवळ माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. आणि गंमत म्हणजे त्याचा मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला पाणी खेळवावं लागायचं. म्हणजे ओव्हन बसवायचा तर आधी प्लंबर बोलवा! हॉटेलं, जहाजं यांना ते परवडलं. घरात कोण करणार?

१९६७ मध्ये अमाना कंपनीचा ओट्यावर मावणारा रडारेंज ४९५ डॉलरला आला. साध्या घरगुती प्लगवर चालणारा, नळजोडणी नको. आपल्या घरातल्या ओव्हनमध्येही मॅग्नेट्रॉन पंख्याच्या वाऱ्यावर थंड होतो. ओव्हन १२०० वॅट वीज खात असेल तर अन्नापर्यंत साधारण ८०० पोहोचतात. उरलेली बरीचशी उष्णता मॅग्नेट्रॉनमध्येच राहते. पंखा ती उचलतो, आणि बहुतेक ओव्हनमध्ये तीच गरम हवा बारीक भोकांतून आत सोडली जाते. ती वाफेला सोबत घेऊन जाळीतून बाहेर पडते. म्हणजे एकच पंखा दोन कामं करतो. मी इतकी वर्षं त्याचा फक्त आवाज ऐकत होतो.

पण भिंतींवर पाणी का? कारण लहरी धातूवरून परततात. त्या अन्नातलं पाणी तापवतात, भिंती मात्र गारच राहतात. बेकरीच्या भट्टीत वाफ टेकायला थंड जागाच नसते. इथे सगळीकडे आहे. गरम भाकरी स्टीलच्या डब्यात ठेवली की खाली ओल येते, अगदी तोच प्रकार. एक हिशोब केला: पाणी उकळू लागल्यावर ८०० वॅटवर आणखी २ मिनिटं ठेवलं, तर सुमारे ४० ग्रॅम वाफ होते. जवळपास तीन मोठे चमचे पाणी! पंख्याने ती बाहेर नेली नाही, तर ती जाणार कुठे?

मग मी ओव्हन पुढे ओढला. मागे तो भिंतीला चिकटलेला, आणि बाजूच्या जाळीला तांदळाचा डबा टेकलेला. झालं, चोर सापडला.

आता मागे आणि बाजूंना मोकळी जागा सोडली आहे (नेमकी किती, ते प्रत्येक ओव्हनच्या पुस्तिकेत असतं). भातावर सैल झाकण ठेवतो, काम झालं की आतून कोरड्या फडक्याने पुसतो, दार दहा मिनिटं किलकिलं ठेवतो. आतल्या बाजूला एक पुठ्ठ्यासारखा चौकोन असतो ना? तो बहुधा अभ्रकाचा असतो. त्यावर ओल आणि तेलकटपणा साचला की ठिणग्या उडू शकतात, म्हणून तो हलक्या हाताने पुसायचा, काढून फेकायचा नाही. एवढं करूनही पाणी साचत राहिलं, किंवा पंख्याचा आवाजच येत नसेल, तर मात्र जाणकाराला दाखवा. बाहेरचं कव्हर स्वतः कधीच उघडू नका हं! आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका शिल्लक असू शकतो.

ओव्हन तोच आहे. काल त्यात पोहे गरम केले. दाराच्या काचेवर थोडं धुकं आलं, आणि मिनिटभरात गेलंही.