हे जीव इथे आले कुठून?

नेमिनाथांच्या वरातीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. जुनागढला राजुलच्या दारी वरात पोचते आहे, वाजंत्री चालली आहे, आणि वाटेत एका वाड्यात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानी येतो. नेमिकुमार सारथ्याला विचारतात, हे जीव इथे कशासाठी आणले? तुमच्याच लग्नाच्या मेजवानीसाठी, असं उत्तर मिळतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरं सुटली, रथ वळला आणि गिरनारची वाट धरली गेली.

या कथेतलं वैराग्य आपण सांगतो, राजुलचं दुःख गातो. मला मात्र अलीकडे तो प्रश्नच जास्त आठवतो. कोंडलेला जीव दिसला तर आधी विचारावं, हा इथे आला कुठून आणि कशासाठी? प्राणिसंग्रहालयात पोरांना घेऊन जाताना हा प्रश्न आपण विचारत नाही. तिकीट काढतो, वाघ दिसला की खूश होतो, घरी येतो.

त्याच गिरनारच्या पायथ्याशी जुनागढच्या नवाबांनी 1863 साली सक्करबाग उभी केली. मुंबईची राणीची बाग 1862 ची, कलकत्त्याचं अलीपूर 1876 चं. त्या काळी जनावर मिळवण्याचे मार्ग सरळ होते. जंगलातून धरून आणायचं, राजेरजवाड्यांकडून भेट घ्यायची किंवा व्यापाऱ्याकडून विकत घ्यायचं. जर्मनीतल्या हाम्बुर्गचा कार्ल हागेनबेक हा यातला सर्वांत मोठा व्यापारी. युरोप-अमेरिकेतल्या बागांना आणि सर्कशींना तो हत्ती, सिंह, जिराफ पुरवायचा. मोठं जनावर धरणं अवघड, म्हणून पिल्लं धरायची. पिल्लू हाती यायचं तर पुष्कळदा आधी आईला मारावं लागे. पिंजऱ्यात एक पिल्लू दिसे, त्यामागे किती जीव गेले ते पाटीवर लिहिलेलं नसे.

आपल्या मराठी मुलखाचाही यात वाटा आहे. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस काढली. साहेबाला जमतं ते आपल्याला का जमू नये, या जिद्दीची ती गोष्ट, आणि तिचा अभिमान वाटतोच. पण पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ गावोगावच्या तंबूंत वाघ-सिंह चाबकाच्या आवाजावर स्टुलावर चढत राहिले, हेही त्याच गोष्टीत येतं.

मग कायदे आले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. दुर्मीळ प्राण्यांच्या परदेशी व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1976 मध्ये सामील झाला. 1991 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिच्यातून 1992 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण उभं राहिलं. आता मान्यता नसेल तर प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यता असलेल्याने जनावर घ्यायचं-द्यायचं ते दुसऱ्या मान्यताप्राप्त संग्रहालयाशीच, आणि वाघ-सिंहासारखा संरक्षित प्राणी असेल तर प्राधिकरणाची आधी परवानगी हवी. 1998 च्या राष्ट्रीय धोरणाने आणखी पुढचं सांगितलं. प्रजननाच्या मंजूर कार्यक्रमासाठी मूळ जोड्या हव्या असतील किंवा थकलेल्या वंशात नवं रक्त आणायचं असेल, एवढे अपवाद सोडून जंगलातून जनावर धरून आणायचं नाही.

म्हणजे आज मार्ग उरले ते मुख्यतः तीन. पिंजऱ्यातच जन्मलेलं पिल्लू, दुसऱ्या संग्रहालयाशी अदलाबदल, आणि संकटातून सोडवून आणलेला जीव.

हा तिसरा मार्ग आम्हा मंडीदीपकरांना घराजवळच बघायला मिळतो. भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी वनविहार आहे. 1983 साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं, आणि त्याला प्राणिसंग्रहालय म्हणूनही मान्यता आहे. तिथे हरणं, सांबरं मोकळी फिरतात, आणि वाघ-बिबट्यांना मोठाली कुंपणं आहेत. नुसतं दाखवण्यासाठी जंगलातून धरून काही आणायचं नाही, हा तिथला शिरस्ता. आई गमावलेले बछडे येतात, जखमी होऊन सापडलेले येतात, दुसऱ्या संग्रहालयांतून येतात.

आणि सर्कशीतून आले. 1998 मध्ये सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पण सुटलेले वाघ-सिंह जायचे कुठे? जंगल त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांच्यासाठी देशात काही ठिकाणी बचाव केंद्रं झाली, त्यातलं एक वनविहारात. सर्कशीतल्या सिंहांमध्ये पुष्कळसे आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांच्या संकरातले. त्यांचा वंश वाढू द्यायचा नाही असं ठरलं, म्हणजे त्यांनी उरलेलं आयुष्य शांतपणे काढायचं एवढंच. नाकात दोरी ओवून दारोदार नाचवलेली अस्वलंही इथे आली. त्यांना प्राणिसंग्रहालयातले प्राणी म्हणवत नाही. मला तर तो पांजरपोळच वाटतो. 1834 मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढला, तोही कोणाला नको असलेल्या जिवांसाठीच.

अदलाबदलीचा मार्गही इथे दिसतो. 2024 च्या डिसेंबरात जुनागढहून गीरच्या सिंहांची जोडी वनविहारात आली, आणि बदल्यात इथून वाघांची जोडी तिकडे गेली. बातमी वाचली आणि मला नेमिनाथांचा रथ आठवला. महावीरांचं लांछन असलेला सिंह गिरनारच्या पायथ्याहून निघून आमच्या भोपाळला आला! आनंद झालाच. तरी प्रश्न राहतो. या देवघेवीत पैसा नाही, शिकार नाही, पण त्या चौघांना कोणी विचारलं? राणीच्या बागेत 2016 च्या जुलैत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. तीन महिन्यांत त्यातला एक दगावला. त्यांचा मूळ मुलूख पेरू-चिलीचा थंड किनारा, आणि इथे मुंबईत त्यांच्यासाठी थंडगार काचघर बांधावं लागलं. सर्कशीतल्या सिंहाला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो आला. पेंग्विन आपल्या हौसेसाठी आले. दोघेही बंधनातच, पण कारण एक नाही.

आपल्याकडे अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार सांगतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिलाच बंध. आणि उपाशी ठेवणं हाही दोषच. इथेच आमच्या महिला मंडळाची गाडी अडली. वनविहारात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे, म्हणजे त्याच्या खर्चाचा भार उचलायचा. महावीर जयंतीला एखादा प्राणी घेऊ या, असं निघालं. एकजण म्हणाली, सिंहच घेऊ, महावीरांचं लांछन! लगेच दुसरी म्हणाली, "अगं, आणि त्याचं जेवण? मांसाचे पैसे आपण भरायचे?" सगळ्या गप्प. मग अस्वल सुचलं, तर एक काकू म्हणाल्या, अस्वल म्हटलं की मध आला, आणि मधही आपल्याला वर्ज्य! हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयातही हा पेच आहेच. मांसाहारी पक्ष्यांवर तिथे उपचार होतात, पण शाकाहारी पक्ष्यांसारखं त्यांना आत ठेवून घेत नाहीत. दया करायची पण मर्यादा सांभाळून, ही आपली जुनी वाट.

शेवटी मंडळाने हरणाच्या नावाने पैसे द्यायचं ठरवलं. भोजपूरला शांतिनाथांची भव्य मूर्ती आहे, त्यांचं लांछन हरिण, तेव्हा सगळ्यांना ते पटलं. मी हात वर केला, पण मन पुरतं भरलं नाही. हरणाला आपली गरज सगळ्यांत कमी. चाबूक खाऊन आलेला सिंह किंवा आई गेलेला बछडा मांस खातो, म्हणून त्याची बाजू आपण दुसऱ्या कोणावर सोपवतो. मांसाचे पैसे माझ्याने भरवणार नाहीत, हेही तितकंच खरं. औषधपाणी, कुंपण, पाण्याचे हौद, यांसाठी देता येईल का, ते विचारून यावं असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

तोवर एवढं तर आपल्या हाती आहे. मुलांना घेऊन कुठल्याही प्राणिसंग्रहालयात गेलात, तर तिथल्या माणसाला विचारा, हा कुठून आला? जन्म कुठला? इथे का आणला? जिथे या प्रश्नाचं धड उत्तर मिळतं, तिथे पुन्हा जा. जिथे नुसतंच "बघा, बघा" म्हणतात, तिथलं तिकीट काढण्याआधी दोनदा विचार करा.