लहान क्षेत्रांचे अंदाज : आणेवारीपासून नमुना पाहणीपर्यंत

पिकाचा अंदाज बांधण्याची जुनी रीत आणेवारीची होती. उभे पीक किती आणे आहे, हे पटवारी वा तलाठी नजरेने ठरवीत असे. सारा माफ होणार की तहकूब राहणार, हे त्या आकड्यावर अवलंबून असल्याने नजर निर्लेप राहणे कठीणच होते. मराठीत ‘अंदाज’ म्हणजे अनुमान. उर्दूत त्यासाठी ‘अंदाजा’ हा शब्द असून ‘अंदाज’ म्हणजे ढंग, शैली. आणेवारीला हे दोन्ही अर्थ लागू पडत, असे म्हणावयास हरकत नाही.

या रीतीला शास्त्रीय पर्याय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादाच्या अखेरीस उभा राहिला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेतील विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत घडविली. यदृच्छ निवडलेल्या शेतात ठराविक मापाचा तुकडा आखावयाचा, तो कापून उत्पन्न तोलावयाचे. तुकडा केवढा असावा यावर महालनोबिस आणि सुखात्मे यांचा वाद गाजला. तुकडा फार लहान असला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले.

या पद्धतीने जिल्ह्याची सरासरी भरवशाची झाली. परंतु तालुका, गट वा गाव यांच्या वाट्याला मोजकेच प्रयोग येत. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका भांड्याची. शेजारच्या भांड्यातला भात कच्चा असू शकतो. पानसे यांनी राजगोपालन व पिल्लई यांच्यासह १९६६ साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात लहान क्षेत्रांतील पीक उत्पन्नाचा प्रश्न मांडला, हे इंदूरकरांनाही आज फारसे ठाऊक नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न आरोग्य आणि उत्पन्नाच्या आकड्यांतून पुढे आला. १९६८ मध्ये तेथील आरोग्य सांख्यिकी केंद्राने राष्ट्रीय पाहणीतील वयोगटवार प्रमाणे राज्यांच्या लोकसंख्येला लावून अपंगत्वाचे अंदाज काढले. यात राज्याचे वेगळेपण पुसले जाई. फे व हेरियट यांनी १९७९ मध्ये हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे दरडोई उत्पन्न काढताना मधला मार्ग शोधला. गावातील नमुन्याचा आकडा एका बाजूला. करविवरणे, घरांच्या किमती आणि काउंटीची सरासरी यांवरून बांधलेला आकडा दुसऱ्या बाजूला. नमुना जितका तोकडा, तितके दुसऱ्या आकड्याला वजन अधिक. १९८८ मध्ये बॅटीस, हार्टर व फुलर यांनी आयोवातील १२ काउंट्यांच्या मका व सोयाबीनच्या क्षेत्रासाठी उपग्रहाची चित्रे वापरली; त्यांतील काही काउंट्यांत नमुन्याचा अवघा एकेक तुकडा होता. या विषयावरचा प्रमाणग्रंथ २००३ साली लिहिला तो मूळचे आंध्रचे जे. एन. के. राव यांनी.

आपल्याकडे हा प्रश्न पीकविम्यामुळे निकडीचा झाला. १९९९-२००० च्या रब्बी हंगामात सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत भरपाई क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर ठरू लागली. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने प्रमुख पिकांसाठी ते क्षेत्र ग्रामपंचायतीपर्यंत खाली आणले. महाराष्ट्रात मात्र महसूल मंडळ हाच घटक धरला गेला. घटक लहान करावा तर कापणी प्रयोगांची संख्या अफाट वाढते. मोठा ठेवावा तर पिकलेल्या गावाची सरासरी बुडालेल्या गावाच्या माथी बसते. प्रतिमानाच्या आधारे काढलेला अंदाजही इथे पूर्ण निर्दोष नाही, कारण तो अपवादाला सरासरीकडे ओढतो. एकाच शिवारात गारपीट झाली आणि नमुन्याचा तुकडा तेथे पडला नाही, तर ते नुकसान गणितात दिसतच नाही. म्हणूनच २०१६ च्या योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी शेतनिहाय पाहणीची वेगळी तरतूद ठेवावी लागली.