कॅन्सरचं औषध, सिकलसेलचं दुखणं

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत हायड्रॉक्सियुरिया या कॅन्सरच्या जुन्या औषधाला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल-पावरा घरांत सिकलसेल किती आहे हे ठाऊक असेल, तर दुसरी बातमीही आपल्याच जिल्ह्याची वाटते.

मुळात भानगड एका प्रोटीनची. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हर्नन इन्ग्रॅमने १९५६-५७मध्ये हा फरक पकडला. जनुकात बदललेलं असतं एकच अक्षर. आमच्या कोडमध्ये असं झालं तर निदान एरर तरी येते! इथे प्रोटीन बिनबोभाट तयार होतं, ऑक्सिजनही वाहतं. ऑक्सिजन सोडला की मात्र हे रेणू एकमेकांना चिकटून कडक दोर वळतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. जिथे सांगाडा नको, तिथे तो उभा राहतो.

या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, फुटतात. वाहिन्यांचं अस्तर चिडतं, पांढऱ्या पेशी तिथे येऊन चिकटतात, वाट आणखी तुंबते. म्हणजे हा नुसता पाइप तुंबण्याचा प्रकार नाही. शरीरात सूज सतत धुमसत असते. माझ्या वर्गातला एक पावरा मुलगा थंडीत पाय धरून बसायचा. सर म्हणायचे, सोंग करतो.

हायड्रॉक्सियुरिया प्रयोगशाळेत बनलं १८६९मध्ये. ते डीएनए बनण्याचा वेग रोखतं, म्हणून पुढे रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरात आलं. सिकलसेलकडे येणारी वाट वेगळीच होती. तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी कमी दिसतात, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८मध्ये नोंदवलं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही महिने टिकतं आणि दोर वळू देत नाही. हायड्रॉक्सियुरिया तेच हिमोग्लोबिन मोठ्यांमध्ये पुन्हा वाढवतं, शिवाय पांढऱ्या पेशी घटवून सूजही उतरवतं. १९९५मध्ये २९९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर.

भारतात सिकलसेल १९५२मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त टिकतं, म्हणून इथला आजार ‘सौम्य’ असं पुस्तकांत लिहिलेलं असे. दुखणाऱ्याला विचारून तो शब्द निवडलेला दिसत नाही.

१ जुलै २०२३ला, जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशीच, केंद्राने मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू केली: ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७पर्यंत निर्मूलन. तपासणीतून आजार कळेल. पण कॅप्सूल रोज घ्यावी लागते, आणि ती पांढऱ्या पेशी फार खाली तर नेत नाही ना, हे बघायला ठरावीक दिवसांनी रक्त द्यावं लागतं. नर्मदेकाठच्या पाड्यावरून त्यासाठी डोंगर उतरायचा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते.